शेजारीच नसेल तर? खोल समुद्रातले बार्नॅकल आणि उत्क्रांतीचा एक सोपा पाठ



दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ च्या पुस्तकातला पहिलाच पाठ आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. पण उत्क्रांतीबद्दलचं मुलांचं मत दहावीपर्यंत थांबत नाही. ते पाचवी-सहावीतच पक्कं होतं. कुठल्याही वर्गात विचारा, जिराफाची मान लांब का? उत्तर ठरलेलं असतं : "पानं उंचावर होती, म्हणून त्याने मान लांब केली." ऐकायला छान वाटतं, पण चूक आहे. कोणताही प्राणी गरज पडली म्हणून स्वतःला बदलून घेत नाही.

मग बदल होतो तरी कसा? हे सांगायला आज आपण जिराफ बाजूला ठेवू आणि एक असा प्राणी घेऊ, जो आयुष्यभर जागचा हलत नाही. त्याचं नाव बार्नॅकल. हलताच येत नाही, तर जोडीदार मिळणार कसा आणि पिल्लं होणार कशी? या एका प्रश्नाची निसर्गात किती वेगवेगळी उत्तरं सापडतात ते पाहिलं, की उत्क्रांती म्हणजे काय हे बरंच स्पष्ट होतं.

बार्नॅकल म्हणजे कोण?

सुपा, पारनेर, शिरूर या आपल्या पट्ट्यातल्या मुलांना समुद्र दिसतो तो बहुतेक सहलीतच. अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वरला गेलो, की ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर पांढरट-करड्या, टोकाला भोक असलेल्या बारीक बारीक टोप्या चिकटलेल्या दिसतात. अनवाणी पाय पडला तर चांगलंच खरचटतं. मुलं म्हणतात "शिंपले", काही जण म्हणतात "कालवं". पण ती कालवं नव्हेत. ते बार्नॅकल.

कालव हा मृदुकाय प्राणी, म्हणजे गोगलगायीच्या नात्यातला. बार्नॅकल मात्र खेकडा आणि कोळंबी यांचा भाऊबंद. कवच पाहून हे कळत नाही, पिल्लू पाहिलं की कळतं. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी बार्नॅकलची पिल्लं पाण्यात पोहताना पाहिली आणि ती कवचधारी गटातल्या प्राण्यांच्या पिल्लांसारखी असल्याचं दाखवून दिलं. तोवर मोठमोठे विद्वानही त्याला शिंपल्यांतच मोजत होते.

त्याचं आयुष्य थोडक्यात असं. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला नॉप्लिअस म्हणतात. ते पोहतं, कात टाकत टाकत सहा अवस्था पार करतं आणि मग सायप्रिस नावाच्या वेगळ्याच रूपात येतं. सायप्रिस काही खात नाही. त्याचं काम एकच, जागा शोधणं. जागा पसंत पडली की डोक्याकडच्या बाजूने ते स्वतःला सिमेंटसारख्या पदार्थाने कायमचं चिकटवून घेतं. मग भोवती कवच तयार होतं आणि पायांच्या पिसांसारख्या सहा जोड्या बाहेर काढून पाण्यातलं अन्न गोळा करणं सुरू होतं. म्हणजे डोक्यावर उभं राहून पायाने जेवणारा प्राणी! मुलांना हे वाक्य फार आवडतं.

बंदरांतल्या जहाजांच्या बुडाला चिकटणारी एक जात आहे, ऍम्फिबॅलॅनस ऍम्फिट्राइट. गोव्यात दोना पावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ या जातीची पिल्लं प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा अभ्यास करत आले आहेत. जहाजाच्या बुडावर बार्नॅकलचा थर बसला की पाण्याचा विरोध वाढतो आणि इंधन जास्त जळतं, त्यामुळे हा नुसता हौसेचा विषय नाही.

जागचं न हलता जोडी कशी जमते?

आता मुख्य प्रश्न. खडकावरचे बहुतेक बार्नॅकल उभयलिंगी असतात. म्हणजे एकाच शरीरात नराचे आणि मादीचे असे दोन्ही अवयव. मुलांना हे विचित्र वाटलं तर शेतातलं उदाहरण द्या. पपईच्या बागेत काही झाडं नर निघतात, काही मादी आणि काही उभयलिंगी. फुलं आल्यावर शेतकरी ते बरोबर ओळखतो. गांडूळही उभयलिंगीच असतं. त्यामुळे यात लाजण्यासारखं किंवा हसण्यासारखं काही नाही.

उभयलिंगी असूनही बहुतेक बार्नॅकल स्वतःच स्वतःचं फलन करत नाहीत. त्यांना शेजारी लागतो. त्यासाठी त्यांचं शिश्न खूप लांब असतं, काही जातींत तर शरीराच्या सात-आठ पट. ते कवचातून बाहेर येतं, आजूबाजूला चाचपडतं आणि शेजाऱ्यापर्यंत शुक्रपेशी पोहोचवतं. नंतर अंडी शेजाऱ्याच्या कवचातच वाढतात. दोघेही उभयलिंगी असल्यामुळे जो शेजारी असेल तो चालतो, नर की मादी हा प्रश्नच उरत नाही.

पण लांबीला मर्यादा आहे. पोहोचेल तेवढ्या अंतरात कोणी असेल तरच जमणार. म्हणून सायप्रिस पिल्लं जागा निवडताना आपल्याच जातीच्या मोठ्यांचा रासायनिक माग काढत त्यांच्याजवळ बसतात. खडकावर बार्नॅकल दाटीवाटीने दिसतात त्याचं एक मोठं कारण हे.

अपवादही आहेत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॉलिसिपेस पॉलिमेरस या देठाच्या बार्नॅकलमध्ये लांब पडलेल्यालाही पिल्लं होतात. २०१३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं, की ही जात पाण्यात सुटलेल्या शुक्रपेशीही पकडू शकते. तरी सर्वसाधारण नियम तोच : हाताच्या अंतरावर शेजारी हवा.

डार्विनची आठ वर्षं

चार्ल्स डार्विन म्हटलं की आपल्याला गॅलापॅगोसचे पक्षी आठवतात. पण १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं हा माणूस घरी बसून बार्नॅकल फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्यांच्या मुलांना हे इतकं सवयीचं झालं होतं, की एक मूल शेजाऱ्यांच्या घराबद्दल विचारू लागलं, म्हणे ते गृहस्थ त्यांचे बार्नॅकल कुठे करतात? प्रत्येक बाप हेच काम करतो, असा त्याचा समज!

या कामात डार्विनना इब्ला नावाच्या देठाच्या बार्नॅकलच्या दोन जाती मिळाल्या. फिलिपाइन्सकडून आलेल्या एका जातीत मोठा प्राणी निव्वळ मादी निघाला. नराचे अवयवच नाहीत. तिच्या शरीराला मात्र बारीक अळीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. आधी ते परजीवी वाटले. नीट पाहिल्यावर कळलं, की तेच तिचे नर! दुसऱ्या जातीत मोठा प्राणी उभयलिंगी होता, आणि तरीही त्याच्या अंगावर तसेच बारीक नर होते. डार्विननी यांना 'पूरक नर' म्हटलं.

याचं महत्त्व लक्षात घ्या. एका टोकाला निव्वळ उभयलिंगी जाती, दुसऱ्या टोकाला मादी आणि बुटके नर, आणि मध्ये उभयलिंगी अधिक बुटके नर. म्हणजे जिन्याच्या मधल्या पायऱ्याही आज जिवंत आहेत. एका अवस्थेतून दुसरीत हळूहळू जाता येतं, हे डार्विन यांना प्रत्यक्ष बघायला मिळालं. बार्नॅकलवरचे त्यांचे ग्रंथ १८५१ आणि १८५४ मध्ये आले, आणि 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ मध्ये.

खोल समुद्रात काय बदलतं?

आता किनारा सोडून खोल जाऊ. २०० मीटरच्या खाली उजेड फारच कमी, १००० मीटरच्या खाली अंधारच. पाणी थंड, दाब प्रचंड. ३००० मीटरवर तो जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३०० पट असतो. पण बार्नॅकलची खरी अडचण दाबाची नाही, जागेची आहे. खोल समुद्राचा तळ बहुतेक मऊ गाळाचा असतो. चिकटायला कठीण वस्तू हवी आणि ती क्वचित मिळते. एखादा दगड, प्रवाळाची फांदी, मेलेल्याचं कवच, खेकड्याची पाठ, नाहीतर समुद्रतळाची केबल. शिवाय वरून झिरपत येणारं अन्नही तुटपुंजं. त्यामुळे तिथे दाटी होत नाही. एक इथे, दुसरा कुठल्या कुठे.

हे प्राणी माणसाच्या हाती लागले ते खोल समुद्रातल्या सफरींमुळे. ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ मध्ये जगभरच्या समुद्रांचा तळ खरवडून पाहिला. आपल्याकडे 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षण जहाज १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातून त्याने वर काढलेले प्राणी कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये पोहोचले. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था सुरू करणाऱ्या नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्यातल्या देठाच्या बार्नॅकलांचं वर्णन केलं.

खोल समुद्रात विशेष करून स्कॅल्पेलिड कुळातले देठाचे बार्नॅकल सापडतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींत मोठा प्राणी मादी, आणि तिच्या कवचाच्या कडेला छोट्या खिशांत बसलेले बुटके नर. मादी काही सेंटीमीटरची, तर नर जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. अनेक जातींत नराला धड तोंड नाही, पोट नाही. पिल्लू असताना साठवलेल्या शिदोरीवर तो जगतो, आणि त्याचं काम एकच, शुक्रपेशी तयार करणं.

हे पायरीपायरीने कसं घडलं असेल?

इथे आपण सावकाश जाऊ, कारण वर्गात गडबड होते ती इथेच.

पहिली पायरी. उभयलिंगी बार्नॅकल विरळ झाले. प्रत्येकाच्या आवाक्यात एखादाच शेजारी, किंवा तोही नाही. अशा वेळी एखादं पिल्लू दगडाऐवजी मोठ्या बार्नॅकलच्या अंगावरच बसलं, तर? तिथे त्याला मोठं व्हायला जागा नाही. पण मोठं होण्याची गरजही नाही, कारण जोडीदार शून्य अंतरावर आहे. लहान राहून लवकर वयात येणाऱ्या अशा पिल्लाला संतती मिळते. दूर दगडावर बसून वर्षानुवर्षं वाढणाऱ्याला शेजारी मिळेलच याची खात्री नाही. साहजिकच लहान राहण्याचे गुण पुढच्या पिढीत जास्त उतरतात. उभयलिंगी मोठा आणि त्याच्या अंगावर बुटके नर, ही मधली अवस्था तयार झाली. युरोपच्या समुद्रातला स्कॅल्पेलम स्कॅल्पेलम आजही या अवस्थेत आहे. त्याचं पिल्लू दगडासारख्या वस्तूवर बसलं तर मोठं उभयलिंगी होतं, आणि मोठ्याच्या कवचातल्या ठरावीक जागी बसलं तर बुटका नर होऊ शकतं. मात्र सगळ्याच पिल्लांना नर होता येत नाही. प्रयोगांत साधारण निम्म्यांनाच ते जमलेलं दिसलं. म्हणजे जागाही महत्त्वाची आणि अंगचा गुणही.

दुसरी पायरी. आता मोठ्या प्राण्याकडे पाहा. त्याच्याकडे नराचे अवयव आहेत, पण आवाक्यात दुसरा मोठा कोणीच नाही. त्या अवयवांवर होणारा खर्च वाया चालला आहे. ज्याच्यात हा खर्च जन्मतः कमी, त्याच्याकडे अंड्यांसाठी जास्त ऐवज उरतो. त्याची पिल्लं जास्त. असं पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं, तर शेवटी नराचे अवयव नाहीसे होतात आणि मोठा प्राणी निव्वळ मादी होतो.

२०१२ साली देठाच्या बार्नॅकलांच्या अनेक जातींची वंशावळ मांडून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही असंच दिसलं : बुटके नर आधी आले, निव्वळ माद्या नंतर. आणि हे एकदाच नाही, तर वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा घडलं आहे.

कारण खोली नव्हे, एकटेपणा

चांगला विद्यार्थी इथे हात वर करेल : "सर, मग अंधारामुळे किंवा दाबामुळे असं झालं नसेल कशावरून?" प्रश्न बरोबर आहे. याचं उत्तर शोधायला दोन उलट्या जागा पाहू.

पहिली जागा, खोल पण गर्दीची. समुद्राच्या तळाशी काही ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे अन्न भरपूर, त्यामुळे प्राण्यांची दाटी. हिंदी महासागरात दोन हजार मीटरहून खोल अशा झऱ्यांवर निओलेपास मारिसिंडिका ही देठाच्या बार्नॅकलची जात आहे. तिचं शास्त्रीय वर्णन २०१८ मध्ये झालं. झऱ्यांवर झुंडीने राहणाऱ्या या गटात उभयलिंगी प्राणी आढळतात, बुटक्या नरांची प्रथा नाही. अंधार तोच, दाब तोच, पण शेजारी आहेत.

दुसरी जागा, उथळ पण एकाकी. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव आपल्याला कासव महोत्सवामुळे माहीत आहे. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. समुद्री कासवांच्या पाठीवर, आणि खेकड्यांच्याही, चेलोनिबिया टेस्टुडिनारिया नावाचा बार्नॅकल बसतो. पाठीवर जागा किती असणार? बऱ्याचदा दोन-चार जण, कधी एकटाच. आणि या जातीत काय दिसतं? मोठ्या उभयलिंगी प्राण्याच्या कवचावर बसलेले छोटे पूरक नर! पाणी उथळ, ऊन भरपूर, पण शेजारी कमी. डार्विनची इब्लाही काही खोल समुद्रातली नव्हती, किनाऱ्यावरच्या खडकांच्या फटींत छोट्या गटांनी राहणारी होती.

म्हणजे कारण खोली नाही, आवाक्यात किती शेजारी आहेत ते. खोल समुद्रात बुटके नर जास्त दिसतात, कारण तिथे शेजारी कमी असतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. विज्ञानाचा हा धडा मुलांना पुढे सगळीकडे उपयोगी पडेल.

पिल्लाची शिदोरी

जोडीदार मिळाला, आता पिल्लांचं. किनाऱ्यावरचा बार्नॅकल बारीक बारीक अंडी हजारोंनी देतो. पिल्लं वरच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती खाऊन वाढतात. बहुतेक मरतात, पण संख्याच इतकी की काही वाचतात.

खोल पाण्यात उजेड नाही, म्हणून तिथे अशा वनस्पती वाढत नाहीत. भुकेलं पिल्लू सोडून उपयोग काय? तिथल्या अनेक जातींत अंडी कमी पण मोठी असतात, आतल्या बलकाने भरलेली. पिल्लू न खाता त्या शिदोरीवर वाढतं. काही जातींत तर पोहणाऱ्या नॉप्लिअस अवस्था अंड्यातच उरकतात आणि थेट सायप्रिस बाहेर पडतं. लांबच्या गावाला शिकायला जाणाऱ्या मुलाबरोबर आई भाकरी बांधून देते, तसं समजा. फरक एवढाच, की इथे कोणी विचार करून बांधलेली नाही. बलक जास्त असलेली अंडी तगली, कमी असलेली गेली.

वर्गात कसं घ्यावं?

साहित्य काही लागत नाही. मैदान आणि खडू पुरे.

१. तीस मुलांना दाटीने उभं करा. पाय हलवायचे नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. हात पोहोचेल त्याला ती द्यायची. किती चिठ्ठ्या पोहोचल्या ते फळ्यावर लिहा.

२. आता मुलांना मैदानभर विखरून उभं करा. पुन्हा चिठ्ठी द्यायला सांगा. बहुतेकांच्या चिठ्ठ्या हातातच राहतील. तोही आकडा लिहा.

३. तिसऱ्या वेळी पाच-सहा जणांना 'पिल्लं' करा. त्यांनी चालत जायचं, कोणत्याही एका मुलाच्या शेजारी बसायचं आणि मग हलायचं नाही. आता चिठ्ठ्या मोजा.

तिन्ही आकडे समोर आले की विचारा : विखुरलेल्या मैदानात कोणाची चिठ्ठी पोहोचली? उभं राहणाऱ्याची की जवळ जाऊन बसणाऱ्याची? पाचवीचं मूलही बरोबर उत्तर देतं. वयात येणाऱ्या मुलांच्या वर्गात 'चिठ्ठी म्हणजे शुक्रपेशी' हे शेवटी सांगा, लहानांना नुसती चिठ्ठी पुरेशी आहे.

एक काळजी मात्र घ्या, भाषेची. "बार्नॅकलने ठरवलं", "निसर्गाने सोय केली", "गरज होती म्हणून नर लहान झाला" अशी वाक्यं आली की थांबवा आणि वाक्य असं फिरवून घ्या : "जे लहान राहिले त्यांना पिल्लं झाली, म्हणून लहान राहण्याचा गुण पुढे गेला." कर्ता बदलला की समज बदलते. हेच वाक्य मग जिराफालाही लावून पाहायला सांगा.

हे सगळं आपल्याला कशाला?

पालक विचारतील, सुप्याच्या पोराला खोल समुद्राचं काय घेणं? घेणं आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या जहाजाने समुद्रतळावरून धातूंचे गोळे पहिल्यांदा वर काढले. मध्य हिंदी महासागरात अशा गोळ्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला केंद्राची मंजुरी मिळाली. त्यात माणसांना ६००० मीटरपर्यंत नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी तयार करणं आहे, आणि खाणकामाचं तंत्रज्ञानही.

हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. मऊ गाळाच्या तळावर चिकटायला मिळणाऱ्या मोजक्या कठीण जागांपैकी ते एक आहेत. प्रशांत महासागरातल्या अशा गोळ्यांवर देठाचे बार्नॅकल सापडलेही आहेत. ज्या प्राण्याला आधीच शेजारी दुर्मीळ, त्याच्या बसायच्या जागाच उचलल्या तर काय होईल? धातू हवेत की नकोत, किती आणि कुठून काढायचे, हे उद्या आपल्याच मुलांना ठरवायचं आहे. त्यातलं कोणी अभियंता होईल, कोणी मतदार म्हणून मत देईल. तेव्हा तळाशी कोण राहतं आणि कसं राहतं, एवढं तरी त्यांना ठाऊक असावं.

मैदानावरचा खेळ आपल्या वर्गात जरूर घेऊन पाहा. तिन्ही फेऱ्यांचे आकडे आणि मुलांनी विचारलेले प्रश्न लिहून कळवा. मुलांचे प्रश्न आपल्या उत्तरांपेक्षा नेहमीच पुढे असतात.